भोसले घराण्याची समाधिस्थळे : निगा, विस्मरण आणि जीर्णोद्धार

प्रस्तावना

मृतांच्या स्मरणार्थ उभारलेली वास्तू दगडाच्या मजबुतीवर टिकते, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रातील ऐतिहासिक घराण्यांच्या समाधिस्थळांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. एकाच सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, जवळजवळ सारख्याच पद्धतीने बांधलेल्या समाध्यांपैकी काही आजही दिवाबत्तीसह नांदत आहेत. काही झाडाझुडपांत हरवल्या, तर काही नदीच्या वाळूत गाडल्या गेल्या. हा फरक कारागिरीचा किंवा हवामानाचा एवढाच मानला, तर इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न बाजूला राहतो. तो प्रश्न असा : समाधीची निगा कोणी राखावयाची आणि त्या निगेचा खर्च कोठून यावयाचा, हे ठरलेले होते काय?

प्रस्तुत लेखात भोसले घराण्याच्या समाधिस्थळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. तुलनेसाठी सिंदखेडराजा येथील जाधवरावांच्या आणि पुण्याजवळील वानवडी येथील शिंद्यांच्या स्मारकाचा उल्लेख केला आहे. समाधीचे आयुष्य तिच्या बांधकामापेक्षा तिच्यासाठी केलेल्या कायम तरतुदीवर अवलंबून असते, आणि ही तरतूद खंडित झाल्यावर होणारा जीर्णोद्धार कितीही श्रद्धेचा असला तरी अखंड निगेची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

समाधी : संज्ञा आणि स्वरूप

हिंदू समाजातील बहुसंख्य जातींत दहनाची प्रथा असल्याने, पिढ्यान्‌पिढ्या एकाच आवारात पुरण्याची कौटुंबिक दफनभूमी ही कल्पना येथे सार्वत्रिक नव्हती. संन्यासी, गोसावी, नाथपंथी व लिंगायत यांच्यात दफनाची परंपरा आहे. परंतु राजघराण्यांच्या समाध्या बहुधा दहनस्थळावर किंवा अस्थी व रक्षा ठेवलेल्या जागी उभारलेल्या असतात. साधा चौथरा, त्यावर तुळशीवृंदावन, शिवलिंग किंवा पादुका, आणि ऐपतीनुसार वर घुमटीची छत्री, असे या वास्तूंचे चढते स्वरूप आढळते. जागा निवडताना नदीचा संगम किंवा शिवमंदिराचे सान्निध्य यांना प्राधान्य दिले जाई.

या निवडीत भविष्यातील अडचणीचे बीजही होते. धर्मदृष्ट्या पवित्र असलेला संगम हा पुराच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा. ज्या पाण्याच्या सान्निध्यासाठी समाधी तेथे बांधली जाई, तेच पाणी दर पावसाळ्यात तिच्या पायथ्याशी गाळ आणून टाकी. अशा जागी बांधलेली समाधी दरवर्षी कोणीतरी उकरून मोकळी करील, हे तिच्या रचनेतच गृहीत धरलेले होते.

विखुरलेले कुलस्थान

भोसले घराणे हे लढवय्ये आणि सतत फिरतीवर असलेले घराणे असल्यामुळे त्यांच्या पूर्वजांची स्मृतिस्थाने एका आवारात मावत नाहीत. शहाजीराजांचे निधन १६६४ च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात झाले. त्यांची समाधी कर्नाटकातील होदिगेरे येथे, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे. जिजाबाईंचे देहावसान १७ जून १६७४ रोजी रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे झाले आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले. त्यांची समाधी जगदीश्वराच्या मंदिरासमोर आहे. छत्रपती संभाजी महाराजांची १६८९ साली हत्या झाली. त्यांचे स्मरण भीमाकाठी वढू आणि तुळापूर येथे केले जाते. १७०० साली सिंहगडावर निधन पावलेल्या राजाराम महाराजांची समाधी त्याच गडावर आहे.

घराणे साताऱ्यास स्थिरावल्यानंतर मात्र कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील माहुली हे त्यांचे अंत्यसंस्काराचे स्थान ठरले. तेथे छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. त्यांचे निधन १५ डिसेंबर १७४९ रोजी झाले. महाराणी ताराबाई यांचे निधन १७६१ साली झाले. त्यांची समाधीही माहुलीस आहे. १६८९ साली रायगड पडल्यावर बाल शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेलेल्या आणि १७१९ साली सुटून परत आलेल्या येसूबाई यांची माहुली येथील समाधी तर अलीकडच्या काळात अभ्यासकांना कागदपत्रांच्या आधारे निश्चित करावी लागली. तीन दशके कैदेत काढलेल्या एका महाराणीची समाधी तिच्याच घराण्याच्या दहनभूमीत अनामिक व्हावी, ही गोष्ट निगेच्या प्रश्नाचे गांभीर्य दाखविण्यास पुरेशी आहे.

तरतुदीची व्यवस्था

मराठा काळात समाधी बांधणे हे कार्य समाधीच्या पूजेची सोय लावल्याशिवाय पूर्ण मानले जात नसे. नित्य पूजा, नैवेद्य, नंदादीप, पुण्यतिथीचे अन्नदान आणि पावसाळ्यानंतरची डागडुजी यांसाठी जमीन किंवा गावाचे उत्पन्न लावून दिले जाई. शहाजीराजांच्या समाधीसाठी गाव इनाम मिळाल्याचा उल्लेख उत्तरकालीन बखरवाङ्मयात येतो. बखरींतील तपशील पारखून घ्यावे लागतात हे खरे. तथापि, समाधी म्हटली की तिच्यामागे इनाम असणारच, ही समजूत त्या काळी किती रुजलेली होती, हे त्यावरून दिसते.

या व्यवस्थेतील प्रत्येक धार्मिक कृतीला एक व्यावहारिक बाजू होती. रोज दिवा लावण्यासाठी येणारा गुरव किंवा पुजारी चौथऱ्यावर उगवलेले पिंपळाचे रोप हाताने उपटून टाकतो. तेच रोप पाच वर्षे राहिले, तर त्याची मुळे दगडांच्या दरजांत शिरून चिरे फोडतात. पुण्यतिथीसाठी आवार झाडले जाते. त्यामुळे पाण्याचे निचऱ्याचे मार्ग उघडे राहतात. वर्षातून एकदा चुन्याचा हात फिरविला जातो. त्यामुळे पावसाचे पाणी सांध्यांत मुरत नाही. पूजा आणि देखभाल या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हत्या. दिवा बंद झाला की डागडुजीही बंद पडे, याचे कारण हेच होते.

सत्तांतर आणि विस्मरण

ही व्यवस्था राज्यसत्तेशी जोडलेली असल्याने सत्तांतराचा आघात तिच्यावर थेट झाला. रायगड १६८९ साली मोगलांच्या हाती गेला आणि सुमारे चार दशकांनंतर, १७३३ साली, मराठ्यांकडे परत आला. पुढे तो पेशव्यांच्या ताब्यात गेला. या काळातील गडाच्या व्यवस्थेचा वृत्तान्त शां. वि. आवळसकर यांनी ‘रायगडची जीवनकथा’ या ग्रंथात जुन्या कागदांच्या आधारे मांडला आहे. १० मे १८१८ रोजी तोफांच्या माऱ्यानंतर गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्यानंतर गडाला लष्करी महत्त्व राहिले नाही आणि वस्तीही उरली नाही. जेथे माणूस राहत नाही तेथे दिवा लागत नाही, या साध्या न्यायाने समाधीभोवती रान वाढले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. १८१८ नंतर साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांचे राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली चालू होते आणि कोल्हापूरचे राज्यही होते. परंतु रायगड या दोन्ही राज्यांच्या हद्दीबाहेर, थेट कंपनी सरकारच्या मुलखात होता. म्हणजे वंशज एका राज्यात, समाधी दुसऱ्या राज्यात आणि इनामाची व्यवस्था मोडलेली, अशी स्थिती निर्माण झाली. कुटुंबाचे कर्तव्य आणि जमिनीवरील अधिकार यांची अशी फारकत झाली की स्मृतिस्थाने बेवारशी होतात.

माहुलीच्या बाबतीत हा आघात तीन दशके उशिरा आला. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. त्यांचे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब यांचे १८४८ साली निधन झाल्यावर डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. घराणे राहिले, श्रद्धा राहिली. पण बांधकामाचा कारखाना, कारकून आणि खजिना असलेले राज्य राहिले नाही. संगमाच्या पात्रालगतच्या समाध्यांना दरवर्षी जो खर्च आणि जे मनुष्यबळ लागे, ते पुरविणारी यंत्रणा संपुष्टात आली. पुढील काळात नदीने आपले काम केले.

पाच रुपयांपासून लोकवर्गणीपर्यंत

रायगडाच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले जाण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबईविषयक ग्रंथात समाधीच्या उपेक्षेचे कठोर वर्णन केले आणि मराठी सरदार व संस्थानिक यांच्या उदासीनतेवर बोट ठेवले. १८८५ साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने यासंबंधी सभा झाली. सरकारने त्या सुमारास समाधीच्या निगेसाठी वार्षिक पाच रुपयांची तरतूद केली.

पाच रुपये ही रक्कम उपहासाचा विषय झाली, आणि ते स्वाभाविकही होते. तथापि, इतिहासाच्या दृष्टीने या रकमेचा आणखी एक अर्थ आहे. तुटलेली तरतूद पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी तत्त्वतः सरकारची आहे, हे त्या पाच रुपयांनी मान्य केले होते. रक्कम क्षुल्लक होती. परंतु ती ‘वार्षिक’ होती. एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरवर्षी येणारी लहान रक्कम समाधीला अधिक उपयोगी पडते, हे सूत्र मराठा काळातील इनामपद्धतीमागेही होते. त्या सूत्राची जाण सरकारला होती. आस्था मात्र नव्हती.

१८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हा प्रश्न हाती घेतला. ३० मे १८९५ रोजी पुण्याच्या हिराबागेत मोठी सभा झाली, स्मारक फंडासाठी वर्गणी जमू लागली आणि १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. या चळवळीत संस्थानिकांबरोबर सामान्य लोकांनीही अल्पस्वल्प रकमा दिल्या. एका घराण्याचे पितृकर्तव्य समाजाने आपल्याकडे घेतल्याचा हा प्रसंग महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष जीर्णोद्धार मात्र १९२५-२६ मध्ये झाला. सभा ते बांधकाम या प्रवासास सुमारे तीन दशके लागली. आणि या काळात टिळकांचेही १९२० साली निधन झाले होते. लोकभावना जागी करणे आणि निगेची यंत्रणा उभी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या विलंबातून स्पष्ट होते.

वानवडीची तुलना

याच काळातील एक उलट उदाहरण पुण्याच्या सीमेवर आढळते. महादजी शिंदे यांचे निधन १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे झाले. त्यांची छत्री ग्वाल्हेरपासून शेकडो मैल दूर आणि १८१८ नंतर इंग्रजी मुलखात होती. म्हणजे रायगडाप्रमाणेच येथेही वंशज एका राज्यात आणि समाधी दुसऱ्या राज्यात होती. असे असूनही ती उपेक्षित राहिली नाही. ग्वाल्हेरचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले आणि त्या संस्थानाने पूजेची व इमारतीची व्यवस्था चालू ठेवली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तेथे मोठे नवे बांधकामही झाले. संस्थान विलीन झाल्यावर देवस्थान न्यासाच्या रूपाने ती व्यवस्था पुढे चालू राहिली.

दोन्ही ठिकाणी हद्दीचा प्रश्न सारखा होता. फरक एवढाच की वानवडीच्या मागे उत्पन्नाचा अखंड स्रोत आणि त्याचा हिशेब ठेवणारी संस्था होती, तर रायगडाच्या मागे ती नव्हती. केवळ अंतर किंवा परकी सत्ता यांमुळे समाधीची उपेक्षा होते, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते.

जीर्णोद्धाराची दुसरी बाजू

निगा आणि जीर्णोद्धार हे शब्द आपण अनेकदा एकाच अर्थी वापरतो. वस्तुतः त्यांत मोठा भेद आहे. निगा वास्तूला आहे तशी राखते. जीर्णोद्धार तिला पुन्हा घडवितो. रायगडावर मूळचा अष्टकोनी चौथरा होता. त्यावरील आजची छत्री १९२५-२६ च्या जीर्णोद्धारातील आहे. १९३६ साली जवळच वाघ्या या कुत्र्याचे शिल्प उभारण्यात आले. त्यावरून पुढे वाद झाले. या वादाच्या गुणदोषांत न शिरताही एवढे म्हणता येते की, जीर्णोद्धाराच्या वेळी घातलेली प्रत्येक भर दोन-तीन पिढ्यांत ‘मूळची’ वाटू लागते आणि नंतरच्या अभ्यासकाला जुने व नवे वेगळे करणे कठीण होते. म्हणूनच कामापूर्वीची मोजमापे, रेखाटने आणि छायाचित्रे यांचे मोल प्रत्यक्ष कामाइतकेच असते.

काळजीपूर्वक केलेली दुरुस्ती नवे ज्ञानही देते. १६२९ साली देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात मारले गेलेले लखुजी जाधवराव यांची भव्य समाधी सिंदखेडराजा येथे आहे. जिजाबाईंच्या माहेरच्या या स्थळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाने २०२४ साली जतनकार्य हाती घेतले असता, परिसरात काही दगड नजरेस आले. पुढील उत्खननात प्राचीन मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती उजेडात आली. घाईने फरसबंदी करून आवार ‘सुशोभित’ केले गेले असते, तर हा पुरावा तसाच खाली राहिला असता.

दुर्दैवाने गावोगावच्या लहान समाध्यांच्या वाट्याला बहुधा असे सुशोभीकरणच येते. वंशज किंवा ग्रामस्थ वर्गणी काढतात, चौथऱ्यास सिमेंटचा गिलावा करतात, वर गुळगुळीत फरशी बसवितात आणि कोरीव दगडाला ऑइलपेंट देतात. हेतू निर्मळ असतो. परिणाम घातक होतो. जुन्या बांधकामातील चुना सच्छिद्र असतो, त्यामुळे भिंतीत शिरलेला ओलावा त्यातून बाहेर पडतो. सिमेंटचा कठीण थर तो मार्ग बंद करतो. ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साठतात आणि चिऱ्यांचे पापुद्रे सुटू लागतात. रंगाच्या जाड थराखाली लेख आणि शिल्पे बुजून जातात. जुने गवंडी घाणीवर मळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ मिसळीत आणि तो मुरण्यासाठी वेळ देत. ही पद्धत महाग किंवा अशक्य नाही; ती जाणणारे हात मात्र कमी होत आहेत.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

१९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याने स्मारकांच्या निगेला प्रथमच देशव्यापी चौकट दिली. या कायद्यातील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. एखाद्या स्मारकाच्या देखभालीसाठी दाननिधी किंवा इनाम असेल आणि मालक तो त्या कामी लावीत नसेल, तर तो योग्य प्रकारे खर्च व्हावा म्हणून न्यायालयाकडे जाण्याची मुभा शासनास देण्यात आली. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातही ही तरतूद कायम आहे. दिवाबत्तीच्या इनामामागचे तत्त्व आधुनिक कायद्यानेही ओळखले होते, असा याचा अर्थ होतो.

महाराष्ट्र राज्याने १९६० साली स्वतःचा कायदा केला आणि त्याखाली अनेक स्थळे राज्य संरक्षित झाली. २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने रायगडासह बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या सन्मानाचे स्वागतच केले पाहिजे. तथापि, संरक्षित यादीत नसलेल्या सरदार, पाटील, देशमुख आणि साध्या शिलेदारांच्या समाध्या, वृंदावने, वीरगळ व सतीशिळा शेकड्यांनी शेतांच्या बांधांवर आणि नदीकाठी उभ्या आहेत. त्यांच्यासाठी कायदा बहुधा दूरच राहतो. तेथे आजही जबाबदारी कुटुंबाची आणि गावाचीच आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, समाधीच्या टिकाऊपणाचा निकटचा संबंध तिच्यासाठी केलेल्या आवर्ती तरतुदीशी आहे. होदिगेरेच्या इनामाची परंपरा, रायगडाचे पाच रुपये आणि वानवडीचा न्यास ही एकाच सूत्राची तीन रूपे आहेत. दुसरी, वंशजांचे कर्तव्य आणि जागेवरील अधिकार यांची फारकत झाली की उपेक्षा ओढवते. ती टाळण्यासाठी दोन्हींना जोडणारी संस्था असावी लागते. तिसरी, जीर्णोद्धार हा दीर्घ उपेक्षेनंतरचा उपाय आहे आणि त्यात मूळ पुराव्याची काही ना काही हानी संभवते.

या संदर्भात महाविद्यालयांना करण्यासारखे बरेच आहे. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील समाध्यांची मोजमापे, छायाचित्रे, लेखांच्या नकला आणि संबंधित कुटुंबांकडील कागदांची नोंद करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दगडाला हात न लावता परिसराची झाडलोट आणि निचऱ्याचे मार्ग मोकळे करण्याचे काम व्हावे. दुरुस्तीचा विचार निघेल तेव्हा ही नोंद गावापुढे ठेवावी आणि जाणकारांचा सल्ला घेतल्याशिवाय सिमेंटचे पोते उघडू नये, एवढा आग्रह धरावा. येसूबाईंच्या समाधीची ओळख पटविण्यास कागद उपयोगी पडले, कारण कोणीतरी ते लिहून आणि जपून ठेवले होते. आज बांधावर अनाम उभ्या असलेल्या समाध्यांचे कागद अद्याप लिहिले गेलेले नाहीत. आणि त्यांच्याविषयी सांगू शकणारी वृद्ध माणसे दरवर्षी कमी होत आहेत.